गावपळणीतली रिकामी गाडी

माझा धाकटा दीर भाई याने उभ्या जन्मात कोणाला काही फुकट दिलं असेल तर ते सर्दी-पडसं. त्याच्या कुंपणाबाहेर पडलेला आंबा कोणी उचलला, तर हा माणूस त्याच्या दारात जाऊन बसतो, चहा पितो आणि उठताना आंबा गोड होता का म्हणून विचारतो. अशा माणसाने गावपळणीच्या दिवसांत आख्ख्या माडवळ गावाला आपल्या व्हॅनमधून मालवणला फुकट नेऊन आणलं. वर हात जोडून मला म्हणतो कसा,

"देवाचा काम, वयनी. पैसे कसले घेवचे?"

बायका नुसत्या विरघळल्या. भाई असो आणि भाई तसो. मी नाही. लबाडीचा वास मला सुक्या बांगड्यासारखा लांबून येतो, फक्त भांडं कोणाचं ते कळायला जरा वेळ लागतो.

आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेव रवळनाथ कौल देतो आणि गाव उठतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्यांच्या डाली, सगळं वेशीबाहेर. तीन दिवस गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. आम्ही व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या राहुट्या घालून राहतो. मुंबईची माणसं दोन वेळेला हटकून येतात, एक चतुर्थीला आणि एक ह्याला. त्यामुळे माळावर गर्दी अशी, की पाय ठेवायला जागा नाही. एरवी विचाराल तर आमच्या वाडीत कुलपं जास्त आणि माणसं कमी.

दुसऱ्या दिवशी मी राहुटीपुढे भाकऱ्या थापत होते. सकाळची एसटी आली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक गॉगलवाला, मांडीवर बॅग धरून. गाडी व्हाळ ओलांडून गावात गेली, देवळाकडे वळली आणि गेली तशी रिकामी परत आली. माळावरूनही कोणी चढलं नाही. चढेल कशाला? भाईची व्हॅन दारात उभी आणि त्याचा मुलगा प्रीतम "मालवण, मालवण" करून ओरडतोय. गॉगलवाला खिडकीतून आमच्या राहुट्यांकडे बघत होता. आणि आमचा भाई करवंदीच्या जाळीआड, आमच्याकडे पाठ करून, लघवीला गेल्यासारखा उभा. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभा. इतका वेळ बैलसुद्धा लावत नाही.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला माझी सून तेजस्वी मालवणहून आली. ती तिकडे पतपेढीत कामाला. माझा मंगेश बोटीवर, सहा-आठ महिन्यांनी तोंड दाखवतो, त्यामुळे घर म्हणजे मी, तेजस्वी आणि माझी नात रिया. रिया अकरावीला, कॉलेज मालवणात. दोघी मायलेकी सकाळच्या गाडीने जातात आणि संध्याकाळच्या गाडीने येतात. तर तेजस्वी आली ती चपला न काढता माझ्यापुढे उभी राहिली.

"आये, आपली गाडी बंद जाता हा."

"कोण म्हणता?"

"शिवा कंडक्टर. स्टँडार भेटलो माका. पुढच्या महिन्यापासून बंद. सायबान सांगल्यान, त्या गावात माणूस सोडा, कोंबडीसुद्धा नाय."

"कोंबडी नाय? मगे ही माझ्या पायात घोटाळता ती काय घार?"

"आये, तो गावात गेल्लो तेव्हा गावात कोण होता?"

माझा हात पिठातच राहिला.

पुढचं तिने शिवाच्याच शब्दांत सांगितलं. तो गॉगलवाला म्हणजे डेपोचा साहेब, घाटावरचा, नवा बदलून आलेला. देवळाकडे उतरला. सगळ्या दारांना कुलपं. कुत्रं भुंकेना. शिवा त्याला म्हणाला, साहेब, गाव पळालाय. कधी? काल. कुठे? व्हाळापलीकडे. परत कधी येणार? देव सांगेल तेव्हा. साहेबाला वाटलं कंडक्टर टिंगल करतोय, तो तोंड फुगवून गाडीत जाऊन बसला. येताना राहुट्या बघून म्हणाला, इथे ऊसतोडीची माणसं कशी? शिवा म्हणे हसू दाबता दाबता घंटी मारायला विसरला.

ऊसतोडीची माणसं! ती बिचारी राबतात तरी. आमचे मुंबईकर तीन दिवस पत्ते कुटत होते.

"पण मेलो ह्याच दिवसांत कसो कडमडलो?" मी विचारलं.

तेजस्वीने मागे बघितलं. शेजारच्याच राहुटीत भाईचा संसार.

"बोलावन घेतल्यानी तेका," ती हळूच म्हणाली. "आपल्याच गावच्या मानकऱ्यान फोन केल्यान. साहेब, मंगळवारी या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गावात आता कोण राहिलंच नाही, सगळे मुंबईला गेले. फुकट डिझेल जाळता."

गावच्या वतीने बोलायचा मान माझ्या सासऱ्यांचा, मग माझ्या घोवाचा. तो गेल्यावर भाईचा. म्हणजे नाव घ्यायची गरजच नव्हती. दसऱ्याला व्हॅन आली तेव्हा मीच तिला हळदकुंकू लावलं होतं. एसटी गेली की माडवळात चाक म्हणून एकच चाक राहणार होतं.

"मी आता जावन तेंका विचारतंय," तेजस्वी उठली.

"बस खाली."

"आये, कित्या बसू? गाडी गेली तर आम्ही करूचा काय? रियाचा बारावीचा वर्ष येता. व्हॅन भरल्याशिवाय हलणा नाय. रोज उशीर झालो तर माका ठेवतीत कामार?"

आता तिच्या मनात काय होतं ते मी सांगते. सुनेच्या मनातलं सासूला कळत नाही म्हणतात. ज्यांना कळत नाही त्या सासवा बहिऱ्या असतात. गाडी तशीही कधी येते, कधी दगा देते, म्हणून तेजस्वीने मालवणात एक खोली आधीच बघून ठेवली होती. मला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून ती आठवडाभर माझ्या आवडीची भाजी करत होती. तिला जायचं नव्हतं, तेही मला दिसत होतं. परसातल्या अबोलीला पाणी घालताना ती अशी घालायची, जशी परगावी निघालेल्या पोराला जेवायला वाढतात.

रियाने मात्र पडदा ठेवला नाही. "आजी, आम्ही गेलो तर तू पण चल मालवणात. नळाक पाणी आसा."

"मी? दुसऱ्याच्या भिंतीक पाठ लावन निजू? तुझो आजोबा वर बसान हसात."

असं म्हटलं खरं. पण भाकरी तव्यावर करपली आणि मला वास आला नाही. वाडीतलं पुढचं कुलूप माझ्या दाराला लागणार होतं. मी कुठे जाणार नव्हते, म्हणजे मला त्या कुलपाच्या आतल्या बाजूला राहायचं होतं.

"भांडलंस तर भाई हटाक पेटतलो," मी तेजस्वीला म्हटलं. "मी नाय त्यातलो, म्हणान आवशीची शपथ घेतलो. सायबाक सांगूक तू गेलंस तर तो विचारतलो, गावचो मानकरी एक सांगता आणि तुम्ही दुसरा, खरा कोणाचा? दिलेलो शब्द भाईनच मागे घेवक व्हयो. स्वतःच्या तोंडान."

"ते कशे घेतीत?"

"तां माझ्यार सोड. तू चपला काढ आधी. राहुटी झाली तरी घर आसा ता."

भाईची बायको, माझी जाऊ सावित्री, व्हाळावर तांदूळ धूत होती. जावेचं आणि माझं कधी जमलं नाही, कधी तुटलंही नाही. व्हॅन आल्यापासून ती जरा मान वर करून चालत होती. मी शेजारच्या दगडावर बसले आणि पाण्यात पाय सोडले.

"सावित्री, प्रीतमाच्या स्थळाचा काय झाला गो? ती देवगडची?"

प्रीतमच्या लग्नाचं नाव काढलं की सावित्रीचे हात थांबतात. वय तिशीकडे झुकलेलं, दिसायला बरा, स्वभावाने गाय. पण मुली बघून बघून फोटो जुना झाला.

"कळवतो म्हणाले," ती म्हणाली.

"कळवतीत. त्या चेडवाच्या आवशीन परवा माझ्या भाचीक विचारल्यान, त्या गावात एसटी जाता मा? आमचा चेडू म्हायेराक कसा येतला?"

हे अगदीच खोटं नव्हतं. भाचीने विचारलं होतं, आईने नाही. एवढा फरक नातेवाईकांत चालतो.

"जाता की! सकाळ-सांज जाता," सावित्री म्हणाली.

"जाय होती. पुढच्या महिन्यापासून बंद."

मग मी सगळं सांगितलं. फोन कोणी केला ते सोडून. तेवढं मी तिच्यासाठी शिल्लक ठेवलं, कारण नवऱ्याची लबाडी बायकोला दुसरीने सांगितली तर ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहते. स्वतः शोधून काढली तर देवसुद्धा त्याला वाचवत नाही.

सावित्रीने शोधली. जेवायला बसल्यावर तिने सहज विचारलं, गाडी बंद होणार म्हणतात ते खरं का? भाईच्या तोंडात सोलकढी होती आणि सोलकढीबरोबर माणूस सैल होतो. तो म्हणाला, "होवंदे बंद. मगे बघ आपली व्हॅन कशी धावता ती. चेडवांचे बापूस रांग लावतीत आपल्या दारात."

सावित्रीने त्याच्याकडे बघितलं. प्रीतमनेही ताटातून मान वर केली. सावित्रीनेच मला हे नंतर सांगितलं. त्या पोराची गोष्ट अशी, की पहाटे उठून व्हॅन धुवायची, दिवसभर हाका मारायच्या आणि संध्याकाळी बापाला हिशेब द्यायचा, ह्याला तो आधीच कंटाळलेला. त्यात आता मुलगी मिळणार नाही ती ह्याच चाकांपायी, हे त्याला त्या क्षणी उमगलं.

"बाबा," तो म्हणाला, "रांग लावूक ते येतले कशे? तुमच्याच व्हॅनीतून?"

भाई म्हणाला, "जेव गप."

दोघंही गप जेवली. भाईला वाटलं विषय संपला. पुरुषांना बायको गप्प बसली की विषय संपला असं वाटतं.

चौथ्या दिवशी उजाडता कौल झाला. देवाने परत यायला सांगितलं. घराची कुलपं काढण्याआधी सगळ्या गावाने देवळात जमायचं आणि गाऱ्हाणं घालायचं अशी रीत. मानकरी देवापुढे उभा राहून गावाचं सुखदुःख मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक बोलाला गाव "व्हय महाराजा" म्हणतो. गावाने होकार दिला नाही तर तो बोल देवाला पोचत नाही. आणि गावातल्या कोणीही सांगितलेलं मानकऱ्याला गाऱ्हाण्यात घालावंच लागतं. तिथे लहानमोठा, बाईपुरुष भेद नाही.

आवार भरून गेलं होतं. डोक्यावर वळकट्या, काखेत कोंबड्यांच्या डाली, दाव्याला गुरं. चुलत पुतण्या कौस्तुभ मुंबईहून आलेला, तो फोन वर धरून चित्र काढत होता. भाई धुतलेलं धोतर नेसून, उपरणं घेऊन उभा. आवाज त्याला देवाने दिलेला आहे, ते मी नाकारत नाही. खर्जातून निघाला की अंगावर काटा येतो.

"बा देवा रवळनाथा महाराजा! तुझ्या शब्दान गाव उठलो, तुझ्या शब्दान परत इलो. गुरावासरांक, पोराबाळांक सांभाळलंस, तसोच पुढे सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"जे मुंबैक आसत, बोटीर आसत, परमुलखात आसत, तेंच्या पाठीशी उबो रव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

भाईने नारळ उचलला. आता वाढवणार, एवढ्यात मी बायकांमधून पुढे झाले.

"भाई, गाडीचा गाराणा रवला."

तो वळला. "कसली गाडी, वयनी?"

"लाल. आपली एसटी. बंद करतत म्हणान सांगतत. घाल गाराणा. ज्यान कोणी तिच्यार वाकडी नजर टाकल्यान, तेका देवान सरळ करूचा."

माणसं चुळबुळली. बऱ्याच जणांना बातमी नव्हती. "बंद? कधी? कोण म्हणता?" भाई कपाळ पुसायला लागला.

"अगो वयनी, ही सरकारी गजाल. देवाक कित्याक तरास?"

बाबली गावडे, गावात सगळ्यांत म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो म्हणाला, "देवाक तरास होता काय ता देव बघात. सांगलेला घालूचा ही रीत. घाल."

भाईची मान देवाकडे वळली. मी त्याला लहानपणापासून ओळखते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डी सावरत माझ्या मागून फिरायचा. त्याला माणसांची भीती नाही, पण रवळनाथाची आहे. खोटं बोलावं तर देव समोर, खरं बोलावं तर गाव मागे. त्याने मधली वाट शोधली.

"बा महाराजा! ही जी काय गाडी आसा, ती काळापरमाणे बंद जाता असात, तर तुझ्या लेकरांक दुसरी, बरी, आरामाची सोय गावांदे रे महाराजा!"



सवयीने एकट्या कौस्तुभाच्या तोंडून "व्हय म" एवढं निघालं, तोवर त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. एका डालीत कोंबडी कोकलली. तेवढाच काय तो आवाज.

भाईने परत आवाज लावला, पण आता खर्ज सापडेना.

"बा महाराजा! ज्या कोणाच्या हातून, अजाणतेपणी, गाडीच्या बाबतीत काय..."

"अजाणतेपणी कित्या?" मागून सावित्री बोलली. माझी जाऊ, जी देवळात पदर तोंडावर घेऊन उभी राहते, ती. "जाणूनबुजून केल्यान असात तर तेका काय सूट आसा?"

आवार हसलं. बायका आधी हसल्या, मग पुरुष. बाबलीची काठी हलायला लागली. भाईने बायकोकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावरून त्याला कळलं की आता सगळं कळलेलं आहे. मग त्याने मुलाकडे बघितलं. प्रीतम बापाकडे बघत नव्हता, देवाकडे बघत होता.

भाईने नारळ खाली ठेवला. दोन्ही हात जोडले. यावेळी आवाज बारीक होता, पण मागपर्यंत ऐकू आला.

"बा देवा महाराजा. ज्यान कोणी गाव रिकामो आसताना सायबाक बोलावन हाडल्यान, आणि गावात माणूस नाय म्हणान सांगल्यान, तेची चूक पदरात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा!" पहिला आवाज प्रीतमचा. त्याच्यामागून सगळा गाव.

"तेना परत डेपोत जावचा, आपल्या तोंडान खरा सांगूचा, आणि त्याच सायबाक भरलो गाव दाखवूचो, अशी तेका बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गुरं बिचकली. कौस्तुभाचा फोन हातातून पडला.

नारळ फुटला. माणसं घरांकडे पांगली. कुलपं उघडल्याचे आवाज वाडीवाडीतून यायला लागले. तेजस्वी आणि रिया वळकटी घेऊन पुढे गेल्या. भाई देवळाच्या पायरीवर बसून राहिला, उपरणं मांडीवर. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने मान वर केली नाही.

"वयनी, तुका काय जाता बोलूक," तो म्हणाला. "तुझो झील बोटीर. माझ्या झिलाक काय? कलमांक गेल्या वर्षी मोहोर धरूक नाय. गाराणी घालतंय, गावचो मान घेतंय, सगळ्यांच्या आधी माझ्या कपाळाक गंध. मान खावन पोट भरता?"

तो खरं बोलत होता. म्हणून मी त्याला बोलू दिलं. रागातल्या माणसाचं खरं पण ऐकून घ्यावं, फक्त त्यावर लगेच विरघळू नये. मी देवळामागे डोंगराकडे बघितलं. वरची वाडी, धनगरवाडी, त्याच्या पलीकडची ती टेकाडावरची घरं. तिथल्या म्हाताऱ्या गाडीसाठी अर्धा डोंगर उतरून येतात, आणि संध्याकाळी पिशव्या डोक्यावर घेऊन चढतात. एसटी तिथे कधी गेली नाही आणि जाणारही नाही. रस्ता मात्र व्हॅनपुरता आहे.

सावित्री देवळाच्या कोपऱ्याला थांबून ऐकत होती. प्रीतम व्हॅनच्या चाव्या हातात खेळवत होता. मी दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"आयक, भाई. देवान तुका सोडल्यान, मी अजून सोडूक नाय. व्हॅन विक म्हणणंय नाय. प्रीतमान ती सकाळी वरच्या वाडीत न्हेवची, धनगरवाडीत न्हेवची, थयली माणसा खाली गाडीर आणून सोडूची आणि सांजेक परत वर पोचवूची. भाडा घेवंदे, मी तुका धर्म करूक सांगणंय नाय. म्हणजे तुझा पोट पण भरात आणि गाडी पण भरात. आणि तू? सायब परत येवन बघीपर्यंत रोज सकाळची गाडी तू पकडूची. काम आसो, नसो. तिकीट काढूचा, मालवणाक जावचा, येवचा. तीन दिवस गाव पळता तो देवाच्या शब्दान. कायमचो पळवूचो हक्क तुका कोणी दिल्यान नाय, तुझ्या भावानसुद्धा नाय. उद्या सगळ्यांच्या आधी थांब्यार जावन उबो रव, आणि माझ्या रियाक खिडकीकडची जागा धर."